तरव्यावरची जाळी

रविवारी सकाळी नऊला पारिसाने आपल्या तंबाखूच्या तरव्यावरची जाळी स्वतःच्या हाताने सोडायला घेतली, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ भुजबली वखारीच्या दारात हाताची घडी घालून उभा होता.

"बघत काय ऱ्हायलास? दुसरं टोक धर की."

"मी न्हाय धरायचा. माझं दुकान बंद पाडाय निघालाय आन् वर मलाच टोक धर म्हंताय, अण्णा?"

"बंद कुठलं रं? मोठं हुतंय. निपाणीचं नाव हुतंय."

"नाव निपाणीचं, भाडं तुमचं."

पारिसाला हे लागले नाही. त्याला सहसा काही लागत नसे. वाटणीत सगळ्यात चांगली वखार आपल्याकडे ओढून घेतली तेव्हाही हा गडी शांतपणे पान जुळवत बसला होता. त्याने एकट्यानेच दोन्ही टोके सोडली, जाळी झटकली आणि वखारीपुढच्या अंगणात दोन बांबूंना ताणून बांधली. जाळी अस्सल बॅडमिंटनची होती. वरची पांढरी पट्टी मातीने मळली होती, एवढेच.

मग त्याने बांधापलीकडे हाक मारली. "भावकू, बारापतोर कोंबड्या कोंडून ठेव रं! बारा वाजता सोड!"

"बाराला सोडतो!" पलीकडून आवाज आला. भावकू शब्दाचा पक्का माणूस होता, आणि पुढे जे झाले त्याला त्याचा पक्केपणाच कारण झाला.

सगळा घोटाळा मुळात या कोंबड्यांचाच. तंबाखूचे बी आधी गादीवाफ्यावर टाकतात, रोपे जरा हाताला लागली की मग शेतात लावतात. वाफ्यावरच्या या रोपांना तरवा म्हणायचे. तरव्याला ऊन सोसते, आषाढातला पाऊस सोसतो, कोंबडी सोसत नाही. ती रोप खाते असेही नाही. नुसती उकरते, आणि दहा मिनिटांत वर्षाचे वाटोळे करते. भावकूकडे अशा तीस होत्या. पारिसाने काट्या लावून पाहिल्या, भावकूशी अबोला धरून पाहिला. मारायची तर सोयच नव्हती, जैनाच्या घरात कोंबडीवर दगड कोण उचलणार? शेवटी चार वर्षांपूर्वी भुजबलीने दुकानात धूळ खात पडलेले बॅडमिंटनचे नेट आणले आणि भावाच्या वाफ्यावर ताणले. कोंबड्यांनी पाय ठेवून बघितला, पाय गुंतला, तशा बोंबलत घरी गेल्या. जीवहत्या नाही, शिवीगाळ नाही, आणि तरवा शाबूत.

पंधरा दिवसांत ही गोष्ट शिवारभर झाली. पुढच्या जूनला संकेश्वरपासून माणसे सायकली घेऊन भुजबलीच्या 'सन्मती स्पोर्ट्स'पुढे उभी राहिली. कुणालाही खेळायचे नव्हते. सगळ्यांना जाळी हवी होती.

आता भुजबली होता 'अजिंक्य स्पोर्ट्स'चा उपविक्रेता. अजिंक्य म्हणजे मुंबईची बडी कंपनी, देशभर एकोणचाळीस शोरूम, आणि पावतीवरसुद्धा छापलेले, 'खेळाच्या सामानात देशात पहिले'. भुजबली दर मे महिन्यात कंपनीला कार्ड टाकायचा, 'बॅडमिंटन नेट, दोनशे नग पाठवणे.' कशासाठी ते कंपनीने कधी विचारले नाही आणि त्याने कधी कळवले नाही. त्यात लबाडी नव्हती, उगाच कार्ड कशाला भरायचे एवढाच विचार. पण मुंबईच्या साहेबांनी आपला अर्थ लावला. दोन वर्षांपूर्वी कर्नाटकाच्याच एका गड्याने विलायतेत जाऊन बॅडमिंटनची सगळ्यात मोठी स्पर्धा मारली होती. तेव्हा सगळा मुलूख या खेळाने झपाटला असणार, हे त्यांनी मुंबईत बसूनच ओळखले.

आणि गेल्या आठवड्यात पत्र आले. भुजबलीने ते इतक्या वेळा वाचले होते की त्याला पाठ झाले होते. 'नेटच्या विक्रीत आपली कंपनी निपाणी भागात निर्विवाद प्रथम आहे. मात्र रॅकेटच्या विक्रीत कंपनीचे स्थान अत्यंत चिंताजनक असून गेल्या वर्षी एकही रॅकेट विकली गेलेली नाही. याचा अर्थ येथील हजारो खेळाडू रॅकेट प्रतिस्पर्ध्यांकडून घेत आहेत. दिल्लीच्या एशियाडपूर्वी ही बाजारपेठ काबीज करण्यासाठी कंपनी निपाणीत स्वतःचे भव्य शोरूम उघडू इच्छिते. विभागीय व्यवस्थापक रविवारी पाहणीस येतील. शोरूम सुरू झाल्यावर उपविक्रेत्याची आवश्यकता राहणार नाही.'

शेवटच्या वाक्याशी आला की भुजबली दर वेळी पत्राची घडी घालायचा, आणि पुन्हा उलगडायचा. तंबाखूच्या धंद्यातून अंग काढून अकरा वर्षे त्याने ते दुकान उभे केले होते. बापाने टिंगल केली, भावाने केली, तरी केले. आता ते वाचवायचे तर साहेबाला सांगायला हवे की इथे चिटपाखरूही बॅडमिंटन खेळत नाही. पण तसे सांगितले, तर खेळ नाही तिथे खेळाची एजन्सी कशाला, असे म्हणून कंपनी तीही काढून घेणार. बोलले तर मरण, न बोलले तर शोरूम. आणि शोरूमला जागा द्यायला पारिसा टपूनच बसलेला. वखारीचे भाडे पक्के करायचे तर साहेबाला खेळ दिसला पाहिजे, म्हणून आज हा खेळ.

"तू बी खेळणार?" भुजबलीने बायकोला विचारले. चंदना पदर खोचून अंगणात उभी होती.

"व्हय. थोरल्या भावजींनी सांगितलंय, शोरूम झालं की तुमास्नी त्यात मॅनेजर करायला लावत्यात. पंख्याखाली बसायचं, पगार घ्यायचा. अकरा वर्सं त्या बोळकांडात तुमी आन् ती पैलवानांची लंगोटं. मला कट्टाळा आलाय."

"कंपनी अण्णाच्या सासऱ्याची हाय का मला मॅनेजर कराय?"

"ते मला ठावं न्हाय. तुमी गप ऱ्हावा म्हंजे झालं."

घरचे माणूस फुटले, हे भुजबलीच्या काळजाला लागले. तरी त्याची सगळी भिस्त धोंडूबाईवर होती. धोंडूआक्का ही तिघा भावंडांत थोरली, संकेश्वरला दिलेली. ती बोलली की पारिसाही मान खाली घालायचा. भुजबलीने मुद्दाम निरोप पाठवून तिला बोलावले होते आणि ती सकाळच्या एस्टीने त्याची बाजू घ्यायला आलीही होती. पण वाटेत पारिसाचा चहा लागला.

"आक्का, तू माझ्याकडनं बोलणार हुतीस की गं!"

"बोलणारच हाय की. खेळ झाल्यावर बोलते." धोंडूबाई रॅकेट तव्यासारखी उलटसुलट करून बघत होती. "पारिसा म्हंतोय माझ्यावाचून चौथा गडी भरत न्हाई. एवढ्या मानानं मला लई दिवसांत कुणी इचारलं न्हवतं रं."

पारिसाने बेळगावहून खास आणवलेल्या फुलाचा डबा उघडला. बॅडमिंटनचे ते फूल बघताच धोंडूबाईचा चेहरा बदलला.

"ही पिसं कुणाची?"

"बदकाची असत्यात," पारिसा बोलून गेला.

"पाखराची पिसं उपटून खेळायचं? मी हात लावणार न्हाय. चंदना, तू बी लावायचा न्हाईस."

मग पारिसाला पुन्हा धाकट्यापुढेच यावे लागले. सन्मती स्पोर्ट्समध्ये पिसाची फुले, चामड्याचे चेंडू असला माल मुळातच नसायचा. भुजबली फक्त प्लास्टिकची फुले ठेवायचा. त्याने दुकान उघडून डझनभर आणून दिली. रॅकेटही त्याच्याच होत्या. आपल्याच दुकानाच्या तेराव्याला आपणच शिधा द्यावा, असे त्याला वाटले.

साडेदहाला जीप आली. विभागीय व्यवस्थापक मारुतीराव पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. टाय एवढा आवळलेला की मान वळवायची तर खांद्यासकट वळत. बोलणे एकदम पुस्तकी.

"नमस्कार. आपल्याकडे खेळाचे वातावरण फारच उत्साहवर्धक दिसते."

"उत्साहाचं काय इचारता साहेब!" पारिसा हात चोळत म्हणाला. "म्हशीचं दूध काढलं की आमी हितंच असतो. बायका-पुरुष सगळे. हे आमचं घरचं मैदान. आन् ही वखार. चाळीस फूट लांब, हवेशीर. पुढनं रस्ता."

"नेट बरेच वापरलेले दिसते."

"रोजचा खेळ हाय न्हवं का."

खेळ सुरू झाला. एका बाजूला पारिसा आणि त्याची बायको नागुबाई, दुसऱ्या बाजूला चंदना आणि धोंडूबाई. नियम कुणालाच माहीत नव्हते. फूल पडले की पारिसा मोठ्याने मोजायचा, आणि वखारीतल्या सवयीने मोजायचा, जसे मापाड्या धान्याची मापे मोजतो तसे, पहिल्याला 'एक' न म्हणता 'लाभ'. "लाभ! ... दोन! ... तीन!" कुणाचे लाभ, कुणाचे दोन, याचा पत्ता नव्हता. दोन्ही बाजूंचे गुण एकाच राशीत पडत होते. नागुबाईचे गुडघे धरले होते, फूल अंगावर आले की ती "अगं बया" म्हणून बाजूला व्हायची.

"आपल्यात स्मॅश कोण मारते?" मारुतीरावांनी धोंडूबाईला विचारले.

"आमी जैन, साहेब. आमच्यात कुणी काय मारत न्हाई."

मारुतीरावांनी वहीत काहीतरी लिहिले. भुजबलीला बरे वाटू लागले. हे सोंग चहा होईपर्यंतही टिकणार नाही, अशी त्याची खात्री पटत चालली होती. आपण तोंड न उघडताच सगळे उघडे पडेल, मग पुढचे पुढे.

पण पाव तासाने भलतेच झाले. पारिसाने टोलवलेले फूल उंच गेले, चंदना मागे धावली आणि तिने पाठीमागे वाकून असा काही फटका दिला की फूल जाळीवरून घासून थेट पारिसाच्या पोटावर आदळले. चंदना स्वतःशीच हसली. भुजबलीने ते हसू लग्नानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत कधीतरी पाहिले होते. पुढचेही तिने तसेच मारले, त्याच्या पुढचेही. धोंडूबाई ओरडू लागली, "हाण! सोडू नगंस! थोरला दीर असला म्हणून काय झालं!" बांधावर माणसे जमली. मारुतीरावांनी वही खिशात घातली, टाय सैल केला, मग काढलाच, आणि नागुबाईची रॅकेट मागून घेऊन स्वतःच मैदानात उतरले. नागुबाई सुटल्यासारखी वखारीच्या पायरीवर जाऊन बसली.

भुजबली बघत राहिला. अकरा वर्षे खेळाचे सामान विकून त्याने बॅडमिंटन असे समोर खेळताना पहिल्यांदा पाहिले होते. ते पाहून त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला. आता साहेबाला कोणत्या तोंडाने सांगायचे की इथे कुणी खेळत नाही?

नेमके तेच साहेबाने विचारले. तासाभराने घाम पुसत ते जाळीपाशी आले. "शेट, आपण दुकानदार. नेमके सांगा. निपाणीत असे किती घरांतून खेळतात?"

सगळे थांबले. पारिसाने डोळे वटारले. चंदना धापा टाकत नवऱ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत पंखाही होता, पगारही होता.

"साहेब," भुजबली जाळीला हात लावून म्हणाला, "जाळ्या लई जात्यात. एवढं मी देवासमोर सांगीन. बाकी..."

बाकी सांगायची वेळच आली नाही. गावात बाराचा भोंगा झाला, आणि भावकूने दिल्या शब्दाप्रमाणे खुराड्याचे दार उघडले.

सकाळपासून कोंडलेल्या तीस कोंबड्या एका दमात बांध ओलांडून आल्या. चार वर्षांनी पहिल्यांदा त्यांना पारिसाचा तरवा उघडा दिसला. त्यांना आपले नशीब खरे वाटेना. क्षणभर त्या काठावर थबकल्या, मग पंजे चालू झाले आणि माती उडू लागली.

"तरवा!" पारिसा असा ओरडला की जीपचा ड्रायव्हर जागा झाला. "आरं तरवा! कोंबड्या! जाळी आणा, जाळी!"

शोरूम, भाडे, साहेब, सगळे तो त्या एका क्षणात विसरला. खेळ अर्धाच टाकून त्याने बांबूसकट नेट उपटले, खांद्यावर टाकले आणि धूम ठोकली. त्याच्या मागे चंदना, तिच्या मागे धोंडूबाई, दोघी रॅकेट परजत. "मारू नगा गं, पाप लागंल! नुसतं हाका!" असे धोंडूबाई धावता धावता बजावत होती. मग सगळ्यांनी रॅकेटने वारा घालत, विनवण्या करत, "हुश्श बाई, हुश्श" म्हणत एकेक कोंबडी बांधापार केली. एक कोंबडा मात्र काही केल्या हलेना, त्याला मारुतीरावांनी खाली वाकून, दोन्ही पंख धरून, सराईतपणे उचलून पलीकडे सोडले. मग पारिसाने आणि त्यांनी मिळून जाळी पुन्हा वाफ्यावर ताणली. चारी कोपऱ्यांना खुंट्या होत्याच, जाळी तिथे अशी बसली की तिची जागा तीच होती हे आंधळ्यालाही कळावे.

मारुतीराव बांधावर चढले. शिवारात जिथवर नजर जात होती तिथवर हिरवे तरवे होते, आणि प्रत्येक तरव्यावर अजिंक्य स्पोर्ट्सची पांढरी पट्टी.

ते तिथेच बांधावर बसले. बोलले ते वेगळ्याच तोंडाने.

"मी उचगावचा. भाताचा तरवा उपटून उपटून ल्हानपणी कंबर मोडलीया माझी. आन् मला हे दिसू नये? टाय काय बांधला, डोळ्यांवरच बांधला जणू."

"साहेब, चूक झाली," पारिसा पुटपुटला.

"तुमची कसली? माझी. मुंबईला हाफिसात भितीवर देशाचा नकाशा हाय. त्यात निपाणीवर तांबडा झेंडा टोचलाय, मी टोचलाय. दक्षिण विभागात पयला नंबर! त्या झेंड्यावर मला बढती मिळालीया. आता शोरूम उघडलं, त्यात सहाशे रॅकेटी आणून ठेवल्या आन् एक बी खपली न्हाई, तर पयला मी घरी जाणार."

भुजबलीला वाटले, आता बोललो नाही तर कधीच बोलायला मिळणार नाही. तो पुढे झाला.

"साहेब, मी खोटं काय लिवलं न्हाई. नेट मागवलं, नेट विकलं. लोक त्याचं काय करत्यात ते कुणी इचारलं न्हाई. पर एजन्सी काढून घेऊ नगा. ते दुकान सोडून मला दुसरं काय बी येत न्हाई."

मारुतीरावांनी बॅगेतून छापील अहवाल काढून मांडीवर घेतला आणि हताशपणे त्याच्याकडे बघत बसले. "पर मी लिवू काय ह्यात? हितं कॉलम हाय. 'रॅकेट विक्री कमी असण्याचे कारण.'"

आणि इथे धोंडूबाईला आपण कशासाठी आलो होतो ते आठवले. तिने पदराने घाम टिपला आणि साहेबाशेजारी फतकल मारली.

"त्यात काय अवघड? लिवा की, हितली मानसं रॅकेटी मोडत न्हाईत म्हणून."

मारुतीरावांनी तिच्याकडे पाहिले. मग पेनचे टोपण काढले आणि पुस्तकी होऊन, एकेक शब्द उच्चारत लिहिले. "येथील खेळाडू... सामान... अत्यंत काळजीपूर्वक वापरतात." त्यांचा चेहरा उजळला. "पुढचा. 'प्रमुख प्रतिस्पर्धी'."

"कोंबड्या," धोंडूबाई म्हणाली.

"स्थानिक," मारुतीरावांनी लिहिले. "संख्येने पुष्कळ. परंतु असंघटित."

"आन् दुकानाचं?" भुजबलीने विचारले.

मारुतीरावांनी पुढचा कॉलम भरला. मग म्हणाले, "हे ध्यान देऊन ऐका, शेट. 'शोरूमची आवश्यकता नाही. विद्यमान विक्रेत्यास येथील खेळाचे जे ज्ञान आहे ते कंपनीतील कोणासही नाही. एजन्सी त्याच्याकडेच ठेवावी.' आन् ह्यात एक अक्षर खोटं न्हाई."

भुजबलीने हात जोडले. डोळ्यांत पाणी आले ते त्याने लपवले नाही. पारिसानेही झाले गेले सोडून साहेबाला जेवायला बसवले. वखारीचा विषय त्याने जेवताना एकदाच काढला, तंबाखू ठेवायला किती चांगली आहे म्हणून, आणि मग स्वतःच हसला. मारुतीरावांनी जाताना पुढच्या जूनसाठी अडीचशे नेटची ऑर्डर तिथल्या तिथे लिहून घेतली आणि जीपमध्ये बसून टाय पुन्हा गळ्यात अडकवला.

उन्हे कलल्यावर भुजबलीने अंगणात आणि वाफ्याकडेला पडलेल्या रॅकेट गोळा केल्या. एकीची तार सैल झाली होती, एकीला चिखल होता. त्याने त्या सदऱ्याच्या टोकाने पुसल्या आणि पिशवीत घातल्या. दुकान राहिले होते; आज रात्री झोप लागणार होती. फक्त चंदनाचा पंखा गेला, त्याचे वाईट वाटत होते, आणि तिच्याशी कसे बोलावे कळत नव्हते.

तीच जवळ आली.

"सगळ्या नगा न्हेऊ. दोन ऱ्हाऊ द्या हितं."

"कशाला?"

"खेळाय. दुसरं काय करत्यात रॅकेटचं?"

भुजबली तिच्याकडे बघतच राहिला. अकरा वर्षांत इतक्या लोकांनी इतके काही मागितले होते, हे मागायला कुणी आले नव्हते. त्याने पिशवी पुन्हा खाली ठेवली, चारही रॅकेट बाहेर काढल्या, प्रत्येकीची तार बोटाने दाबून पाहिली, आणि त्यातल्या त्यात जी ताठ होती ती बायकोच्या हातात दिली.